शेणखत दरवर्षी टाकतोय तरी सेंद्रिय कर्ब ०.३८ च्या वर सरकत नाही (निफाड, काळी जमीन)

वावरातला_गडी (निफाड)

राम राम मंडळी. आमचं वावर निफाड तालुक्यात, काळी जमीन, खाली चुनखडी लागते. पावसाळ्यात मका नाहीतर सोयाबीन, मागून उन्हाळ कांदा, विहिरीला पाणी टिकलं तर एका तुकड्यात गहू. शिवाय थोडी द्राक्षबाग आहे, थॉमसन जातीची, डॉगरिज खुंटावर कलम केलेली. यंदा कांदा काढल्यावर माती तपासली तर सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या शेणा-पाल्याचा मातीत उरलेला कार्बन) ०.३८ टक्के, उपलब्ध नत्र (नायट्रोजन) कमी, सामू (पीएच) ८.२. मागच्या माती परीक्षणाच्या कार्डावर पण आकडा जवळपास हाच होता. आता असंही नाही की आम्ही नुसत्या गोण्या ओततो, एकरी तीन-चार ट्रॉली शेणखत पडतंच, घरच्या गायींचं पुरत नाही म्हणून विकत घेतो आणि भाव काय झालेत ते सगळ्यांना माहितीच आहे, एखाद्या वर्षी मेंढ्या पण बसवतो वावरात. मग हे सगळं जातं कुठं?

त्यात अजून घोळ म्हणजे त्याच मातीचा अर्धा भाग एका खासगी लॅबला दिला होता, त्यांनी ०.६६ काढून दिला. खरा कुठला धरायचा?

आणि तिसरं. मागच्या हंगामात कोणीतरी सांगितलं म्हणून मक्याची ताटं विकली नाहीत, रोटर मारून गाडली आणि वर कांदा लावला तर कांदा असा पिवळा पडला की शेजारचे विचारायला लागले. वडील म्हणतात गप मका मुरघासाला (हिरवा चारा मुरवून ठेवतात त्याला) देऊन टाकत जा, पैसे तरी येतील. काय करावं?

माती_परीक्षक

भाऊ, आधी तो ०.६६ चा विषय मिटवू. त्या खासगी रिपोर्टवर नीट बघा, 'सेंद्रिय कर्ब' लिहिलंय का 'सेंद्रिय पदार्थ'. कर्बाला १.७२४ ने गुणलं की सेंद्रिय पदार्थ येतो, आणि ०.३८ गुणिले १.७२४ म्हणजे ०.६६ च येतं. तसं असेल तर दोन्ही लॅब बरोबर आहेत. तसं नसेल तर माती भट्टीत जाळून वजनातल्या घटीवरून काढलंय का ते विचारा, कारण चुनखडीच्या चिकण जमिनीत त्या पद्धतीने आकडा फुगू शकतो, भट्टी जास्त तापली तर चुना पण फुटतो. आपल्याकडची नेहमीची पद्धत वॉकली-ब्लॅक, १९३० च्या दशकातली, त्यात डायक्रोमेट नावाचं रसायन वापरतात आणि चुन्यातला कर्ब त्यात मोजला जात नाही. महाराष्ट्रात जी वर्गवारी चालते त्यात ०.२१ ते ०.४० म्हणजे 'कमी', ०.४१ ते ०.६० 'मध्यम'. म्हणजे तुम्ही मध्यमच्या उंबऱ्याच्या आत-बाहेर आहात, एवढं घाबरायचं कारण नाही.

आता शेणखत जातं कुठं त्याचा हिशोब मांडतो, ढोबळ आहे पण डोळे उघडतो. एक एकराचा वरचा सहा इंच थर धरला तर मातीचं वजन साधारण ९ लाख किलो भरतं. त्यात कर्ब नुसता ०.१ ने वाढवायचा तर ९०० किलो शुद्ध कर्ब मातीत टिकून राहायला पाहिजे, टाकायला नाही, टिकायला. तुमच्या चार ट्रॉली म्हणजे धरा १० टन ओलं खत. निम्मं पाणी गेलं, राहिलेल्यात माती, खडे, राख पण असतेच, तर कर्ब सापडेल हजार-बाराशे किलो. त्यातला बराचसा जिवाणू खातात आणि तो हवेत कार्बन डायऑक्साइड होऊन जातो, दोन-तीन वर्षांनी मागे राहतो तो पाव हिस्सा धरा, म्हणजे अडीचशे-तीनशे किलो. आणि तिकडे जमिनीत आधीपासून जो ३४००-३५०० किलो कर्ब आहे तो पण दरवर्षी शेकड्याला दोन-चार टक्क्यांनी कुजून जातच असतो, आपल्या उन्हाळ्यात तर जास्तच. वजा-बेरीज करा, हातात राहतात दीड-दोनशे किलो, म्हणजे ०.०२. एवढा फरक तर एकाच वावरात दोन टोकाला नमुने घेतले तरी पडतो. त्यामुळे तीन-चार वर्षांत आकडा हलला नाही म्हणजे खत वाया गेलं असं नाही, ते नसतं तर आकडा खाली गेला असता.

पण खरी गोची पुढे आहे. तुमच्या फेरपालटात कांदा आहे. कांद्याचं मूळ वरच्या अर्ध्या फुटात, तेही थोडकं, आणि पात कापून बांधावर किंवा गुरांना. जमिनीला परत काय मिळतं? काहीच नाही जवळपास. वर कांद्यासाठी आपण माती किती बारीक करतो, नांगर, मग रोटर, परत रोटर. मातीचे जे कण-ढेकळं असतात त्यांच्या पोटात जुना कर्ब लपून बसलेला असतो, जिवाणूंना तिथे पोचता येत नाही म्हणून तो टिकतो. रोटर ते सगळं फोडून उघडं करतो. शेततळ्याचा कागद खालून फाटलेला असताना वरून पंप लावून पाणी भरत बसल्यासारखं होतंय हे.

नैसर्गिक_नाना (चांदवड)

एवढा हिशोब कशाला, जीवामृत सुरू करा दर पंधरा दिवसाला आणि युरिया बंद करा, युरियानेच जमीन मेली आहे. आमच्याकडे गांडुळं दिसायला लागली. १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, बांधावरची मूठभर माती, २०० लिटर पाणी. खर्च काहीच नाही.

माती_परीक्षक

नाना, राग मानू नका पण हिशोब इथे पण करूच. १० किलो ताज्या शेणात आठ किलो पाणीच असतं, उरलेल्यात कर्ब एक किलोच्या आत. गूळ-बेसन मिळून अजून दीड-पावणेदोन किलो. म्हणजे एका ड्रमात अडीच किलोच्या आसपास कर्ब. ९०० किलो कुठे आणि अडीच किलो कुठे. जीवामृताने कर्ब वाढतो असं जे कोणी सांगतं त्याला हा भागाकार करून दाखवायला सांगा. तीच गोष्ट ह्युमिक ॲसिडच्या बाटल्यांची, एकरी लिटर-दोन लिटरमध्ये कर्बाचा आकडा हलत नसतो.

युरियाचं पण अर्धं खरं आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे दीर्घकालीन खत प्रयोग १९७० पासून देशभर चालू आहेत, त्यात नुसतं नत्र दिलेल्या प्लॉटची हालत सगळ्यात वाईट, उत्पादन पण घसरलं. पण नत्र-स्फुरद-पालाश समतोल दिलेल्या ठिकाणी तसं झालं नाही, आणि जिथे एनपीके सोबत शेणखत पण होतं तिथे कर्ब सगळ्यात चांगला राहिला. कारण सरळ आहे, पीक जोमाने आलं तर मुळं पण जास्त, आणि मुळांचा कर्ब वरून टाकलेल्या काडीकचऱ्यापेक्षा जमिनीत जास्त टिकतो. उपाशी पीक जमिनीला काय देणार.

नैसर्गिक_नाना (चांदवड)

मी कर्बासाठी नाही टाकत, जिवाणूंसाठी टाकतो. आणि गांडुळं खोटं बोलत नाहीत. आमच्याकडे आच्छादन पण असतं, उघडी जमीन आम्ही ठेवतच नाही.

माती_परीक्षक

मग तर भांडणच नाही नाना, गांडुळं त्या आच्छादनावर जगतायत. जिवाणू नुसते सोडून उपयोग नाही, त्यांना खायला पाहिजे, नाहीतर ते जमिनीतलाच जुना कर्ब खातात.

बागाईतदार_दिंडोरी

गडीभाऊ, कांद्याचं वरचे सांगतील, मी बागेचं सांगतो कारण तुमच्या बागेत कर्ब वाढवणं कांद्याच्या वावरापेक्षा लई सोपं आहे. तिथे नांगरट नाही, बोद (वेलींच्या ओळीखालचा मातीचा उंचवटा) वर्षानुवर्षं जागच्या जागी. एप्रिल खरड छाटणीच्या आणि ऑक्टोबर छाटणीच्या काड्या काय करता? आमच्याकडे अजून निम्मे लोक बांधावर ढीग लावून पेटवतात, वर्षभर जे खत-पाणी घालून वाढवलं त्याला काडी लावायची आणि मग बाजारातून सेंद्रिय खताच्या गोण्या आणायच्या. आम्ही श्रेडर फिरवून बोदावरच टाकतो. फक्त खोडकिडीची किंवा लई मिलीबग (पिठ्या ढेकूण) असलेली खोडं-फांद्या बाहेर काढायच्या, ते बागेत नको. आणि बोदावर पसरायच्या, मातीत कालवायच्या नाहीत, कालवल्या की नत्र ओढून घेतात, वर राहिल्या तर हळूहळू कुजतात, ओल पण धरतात. उसाचं पाचट मिळालं तर तेही टाकतो, निफाडला तर तुमच्याकडे ऊस आहेच.

दोन ओळींच्या मधली जागा आपण तणनाशक मारून लख्ख ठेवतो, पाहुणे आले की बाग स्वच्छ दिसते म्हणून. पावसाळ्यात ते तण नाहीतर ताग वाढू द्यायचा आणि फुलावर आला की कापून बोदावर ओढायचा. पाऊस जास्त असेल तर बागेत दमटपणा वाढून डाऊनी (बुरशीचा रोग) येतो म्हणून कापायला उशीर करायचा नाही, एवढी एक काळजी.

आणि कोंबडी खत जपून. त्यात नत्र भरपूर, झटकन लागू पडतं, काडी सुसाट पळते आणि मग घडनिर्मितीच्या वेळेला रडायची पाळी. क्षार पण वाढतात. कर्बासाठी म्हणून कोंबडी खत घेणं मला तरी पटत नाही. देठ परीक्षण (पानांचे देठ लॅबला देऊन तपासणं) केल्याशिवाय नत्राचा अंदाज घेऊच नये बागेत.

वावरातला_गडी (निफाड)

परीक्षक सर, बघितला रिपोर्ट. सेंद्रिय पदार्थच लिहिलंय, अगदी बारीक अक्षरात 🙏 म्हणजे ०.३८ च आहे. आता पिवळ्या कांद्याचं सांगा कोणीतरी, वडिलांना उत्तर द्यायचंय.

पाटपाणी

त्याचं उत्तर सीएन रेशोत आहे, कर्ब-नत्र गुणोत्तर. मक्याच्या वाळलेल्या ताटात एक भाग नत्राला साठ-एक भाग कर्ब असतो, गव्हाच्या काडात ऐंशीच्या घरात. जिवाणूंच्या अंगात हेच प्रमाण आठाला एक असतं. म्हणजे ताटं खायची तर त्यांना वरचं नत्र पाहिजे, आणि ते तुमच्या कांद्याच्या मुळापाशी जे नत्र आहे तेच उचलतात. पंचवीसच्या खाली प्रमाण असलं, हिरवा ताग, ढैंचा, सोयाबीनचा पाला वगैरे, तर हा त्रास होत नाही, उलट नत्र सुटं होतं. तुमचं नत्र कुठे पळून गेलं नव्हतं, जिवाणूंच्या अंगात अडकलं होतं, ते मेले की परत मिळतं, पण तोपर्यंत कांद्याचं वय निघून जातं. पिवळेपणाला थ्रिप्स (फुलकिडे) आणि साचलेलं पाणी पण कारण असू शकतं, पण तुम्ही जे सांगताय त्यावरून हेच वाटतं.

उपाय म्हणजे ताटं गाडताना सोबत नत्र द्यायचं. उसाच्या पाचटाला विद्यापीठाची शिफारस टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारं जिवाणू संवर्धन अशी आहे, मक्याला तेच धरून चाला. ओल पाहिजे, कोरड्यात काही कुजत नाही. आणि मका काढल्यावर लगेच कुट्टी करा म्हणजे लागवडीपर्यंत महिना-दीड महिना मिळतो, मका ऑक्टोबरात निघतो, उन्हाळ कांद्याची लागवड डिसेंबर-जानेवारीत, वेळ आहे की भरपूर. गाडलं आणि आठवड्यात रोप लावलं तर पिवळं पडणारच.

युरिया किती आणि कधी हे पण बघा. कांद्याला हेक्टरी १०० किलो नत्र धरलं तर एकरी ४० किलो, युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे ४५ किलोच्या दोन गोण्यांच्या आत काम होतं. आपल्याकडे लोक किती टाकतात ते सांगायला नको. त्यात तुमचा सामू ८.२ आणि चुनखडी, अशा जमिनीवर युरिया वर भुरभुरला आणि पाणी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिलं तर अमोनिया होऊन उडतो. उरलेला नायट्रेट होऊन पाटपाण्याबरोबर खाली, विहिरीत. आणि भिजून घट्ट झालेल्या काळ्या जमिनीत हवा नसली की त्याच नत्राचा थोडा भाग नायट्रस ऑक्साइड होतो, तो वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७० पट तापवणारा आहे. म्हणजे एकीकडे कर्ब साठवायचा आणि दुसरीकडे नत्र उधळायचं असं केलं तर हवामानाच्या हिशोबात मिळवलेलं सगळं घालवून बसतो. निम्मं लागवडीला, बाकीचं दोन हप्त्यांत दीड महिन्याच्या आत संपवा, साठ दिवसांनंतर दिलेलं नत्र मान जाड करतं आणि माल साठवणीच्या चाळीत सडतो. चाळीचं नुकसान कोणी युरियाच्या खात्यावर लिहीत नाही हा भाग वेगळा.

भातवाला_इगतपुरी

आमच्याकडचं उलटं आहे म्हणून लिहितोय. इगतपुरीला पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर, निफाडला त्याचा पाव हिस्सा पण नाही. शेजारच्या जंगलातली माती उचलली तर काळीभोर भुसभुशीत, आणि त्याच बांधाच्या अलीकडे भातखाचर दगडासारखं. दरवर्षी चिखलणी (पाणी भरून माती कालवणं) केल्यावर दुसरं काय होणार. वर राब भाजायची पद्धत, पालापाचोळा, शेण, फांद्या सगळं रोपवाटिकेच्या जागेवर जाळायचं. तण मरतं हे खरं, पण जमिनीत जायचं ते धुरात जातं, कर्ब पण आणि नत्र पण.

नेरळच्या चंद्रशेखर भडसावळेंनी सगुणा भात तंत्र आणलं, एसआरटी, त्यात गादीवाफे एकदाच करायचे, चिखलणी नाही, लावणी नाही, भात कापला की मुळं जमिनीतच ठेवायची, परत नांगरायचं नाही. आमच्या भागात काहींनी केलंय. मी पण एका खाचरात केलंय, पहिल्या वर्षी तणाने जीव काढला आणि त्यासाठी तणनाशक मारावं लागतं, हे आधी सांगून ठेवतो, बऱ्याच लोकांना ते पटत नाही. पण माती मऊ झाली, पाणी मुरतं. कांद्याला असं किती जमेल ते तुम्ही लोक बघा.

पाटपाणी

कांद्यात पूर्ण शून्य मशागत अवघड आहे, पण रुंद गादीवाफ्यावर ड्रिप असेल तर तोच वाफा न मोडता पुढे सोयाबीन टोकता येतं. वर्षातला एक रोटर वाचला तरी खूप. बाकी शून्य मशागतीचं कौतुक ऐकताना एक लक्षात ठेवा, त्यात कर्ब वरच्या दोन-तीन इंचात जमा होतो, खाली एक फुटापर्यंत मोजलं तर फरक बराच कमी निघतो. म्हणून नमुना कुठल्या खोलीचा हे न सांगता 'कर्ब दुप्पट झाला' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

येवलेकर

मध्येच विचारतो. आमच्या गावात कार्बन क्रेडिटवाले (जमिनीत कर्ब साठवल्याबद्दल पैसे देऊ म्हणणारे) आले होते, सही करा, एकरी पैसे मिळतील म्हणाले. खरं का?

माती_परीक्षक

संकल्पना खोटी नाही, पण वर जो ०.०२ चा हिशोब केला तो परत वाचा. वर्षाला एकरी दीड-दोनशे किलो कर्ब म्हणजे फार तर अर्धा-पाऊण टन कार्बन डायऑक्साइड, क्रेडिट टनावर मिळतं. करार किती वर्षांचा, मधे नांगरलं तर काय, मोजणी कोण करणार आणि त्याचा खर्च कोणाचा, हे कागदावर मराठीत मागा. त्या पैशासाठी म्हणून शेती बदलू नका, जमिनीसाठी बदलायची असेल तर बदला.

आणि गडीभाऊ, वडिलांना सांगायला एक उदाहरण. इंग्लंडमध्ये रोथमस्टेडला ब्रॉडबॉक नावाचं एक वावर आहे, तिथे १८४३ पासून गव्हावर खतांचा प्रयोग चालू आहे. एका पट्ट्यात हेक्टरी ३५ टन शेणखत दरवर्षी. तिथला कर्ब बिनखताच्या पट्ट्यापेक्षा दुपटीहून जास्त झाला, पण त्याला कित्येक दशकं लागली, तेही थंड हवेत आणि एवढं खत ओतून. आपल्याकडे मे महिन्यात काय तापतं ते बघता आपण दहा वर्षांत ०.३८ चं ०.५ केलं तरी मोठी गोष्ट. मुरघासाचं म्हणाल तर अख्खं झाड हिरवं उचलून दिलं की कर्ब, नत्र, पालाश सगळं गाडीत बसून जातं. स्वतःच्या गायींना घालून शेण परत वावरात येत असेल तर गोष्ट वेगळी.

वावरातला_गडी (निफाड)

वडील म्हणतात दहा वर्षांनी आकडा बघायला मी असेन का 😄 पण हिशोब पटला त्यांना. ठरलं असं की यंदा निम्मा मका मुरघासाला, निम्मा गाडायचा युरिया-सुपर टाकून, गव्हाचं काड पेटवायचं नाही, आणि बागेत श्रेडर भाड्याने आणायचा. कांद्याच्या वावरात सोयाबीनऐवजी एका तुकड्यात ताग करायचा म्हणतोय. बियाणं एकरी किती लागेल? आणि पुढचा नमुना कधी घेऊ?

बागाईतदार_दिंडोरी

ताग एकरी २० ते २५ किलो, दाट पेरायचा म्हणजे काडी बारीक राहते. ४५-५० दिवसांनी फुलकळी दिसली की लगेच, थांबलात तर काडी टणक होते आणि मग परत तेच मक्याच्या ताटासारखं होणार. तुकडा पाणथळ किंवा चोपणकडे (खारवट, घट्ट जमिनीकडे) झुकलेला असेल तर तागाच्या नादी लागू नका, ढैंचा घ्या, तो पाण्यात पण तग धरतो, एकरी १५-२० किलो बास.

माती_परीक्षक

नमुना दर दोन-तीन वर्षांनी, पण प्रत्येक वेळी त्याच महिन्यात, कांदा निघाल्यावर आणि खत पडायच्या आधी, लॅब पण तीच. बांध, शेणाच्या ढिगाची जागा, मेंढ्या जिथे बसल्या ती जागा सोडून आठ-दहा ठिकाणी व्ही आकाराचा खड्डा, सहा ते आठ इंच, एकत्र करून चार भाग, समोरासमोरचे दोन टाकत टाकत अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवा. बागेचा नमुना वेगळा, बोदातला, एक फूट आणि दोन फूट अशा दोन पिशव्या. आणि मक्याच्या निम्म्या गाडलेल्या भागाची पिशवी बाकीच्यात मिसळू नका, नाहीतर काय उपयोग झाला ते कळायचंच नाही.